आठ पिवळे ठिपके

१

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, जुन्या चादरीत गुंडाळून ट्रस्टच्या टेबलावर ठेवलं होतं. शेजारी चहाचे कप होते आणि कोणाच्या तरी सत्काराचा नारळ. मी चादर सोडली आणि खुर्चीत बसले, कारण उभं राहून काही बघायचं माझ्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं आहे.

माझं नाव संजीवनी पाटणकर. तीस वर्षं इंजिनं तपासण्यात गेली, आधी कारखान्यात, मग विम्याच्या कामात. कुठे काही फुटलं, जळलं, बंद पडलं की मला बोलावतात. मी गेले की सगळे एकच वाक्य म्हणतात, "मी नाही." हे वाक्य ऐकून ऐकून मी आता खरोखर दमले आहे.

घडलं होतं ते असं. बदलापूरच्या या ट्रस्टची एकच ॲम्ब्युलन्स. तिच्या इंजिनाचं हेड अंबरनाथला, मोरिवलीच्या एका वर्कशॉपमध्ये नवीन करून घेतलं. अकरा दिवस गाडी नीट चालली. गेल्या शुक्रवारी सकाळी चामटोलीच्या राजाबाई भोपी वांगी तोडता तोडता बांधावर पडल्या. तोंड वाकडं झालेलं, बोलणं बंद. ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन निघाली आणि चढावर तिचा दम गेला. इंजिन चालू, पण गाडी पुढे जाईना. शेवटी भाजीच्या टेम्पोतून नेलं. पाऊण तास गेला. बाई वाचल्या, उजवा हात मात्र हलत नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित.

"शुक्रवारपर्यंत एक नाव द्या बाई," ट्रस्टचे हेमचंद्र वैद्य म्हणाले. "पोलिसांत द्यायचंय. राजाबाईंचा मुलगा रोज ट्रस्टच्या दारात येऊन उभा राहतो. काही बोलत नाही, नुसता उभा राहतो."

मी हेड पाहिलं. चार सिलिंडरचं, आठ व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. त्यातल्या तिघांच्या कडा जळून गेल्या होत्या, उंदराने भाकरी कुरतडावी तशा. म्हणजे ते आपल्या बैठकीत, ज्याला आम्ही सीट म्हणतो तिच्यात, घट्ट बसत नव्हते. फटीतून आग निसटत राहिली आणि कड खात गेली.

हेड पालथं केलं. प्रत्येक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर एक टोपी असते. आठही टोप्यांवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका होता. गिअरबॉक्सच्या टोकाला जाडजूड, आणि पंख्याच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या, टोकाकडे येता येता फिकट होत गेलेला. शेवटचा तर जेमतेम दिसत होता. तिसरी टोपी काढून मी स्प्रिंगच्या बुडाशी बोट फिरवलं. नखात काहीतरी निळं अडकलं. पेनची शाई असेल म्हणून पदराला पुसलं. पदर खराब झाला, नख तसंच राहिलं.

"नाव तर आहेच ना," मी म्हटलं. "हेड पास कोणी केलं?"

वैद्यांनी खिशातून वहीचं एक पान काढून माझ्यासमोर सरकवलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच ओळ होती: *चूक माझी आहे. बाकी कोणाला त्रास देऊ नका. रघुनाथ मढवी.*

तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी "मी" म्हटलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

२

रघुनाथ मढवी म्हणजे मोरिवलीचे रघुकाका. वय सहासष्ट. गावच्या जमिनीवर कारखाने आले तेव्हा वडिलांनी नांगर सोडला आणि मुलाच्या हातात पाना दिला. अडतीस वर्षं एकाच बाकावर बसून व्हॉल्व्ह बसवतायत. मालक विनीतचे वडील गेले, विनीत आला, तरी बाक तोच.

"काकांच्या हाताखालून गेलेलं हेड परत आलंय असं मी कधी पाहिलं नाही," विनीत म्हणाला. तो पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. "पण आता वय झालं मॅडम. आय मीन, होतं असं. मी त्यांना घरी बसायला सांगणारच आहे."

"तू स्वतः हेड उघडतोस कधी?"

तो हसला. "मी ऑफिस बघतो. स्प्रिंग दाबायला गेलो होतो एकदा, ती उडून ट्यूबलाइटला लागली. तेव्हापासून काकांनी मला बाकाजवळ येऊ दिलेलं नाही." वर पाहिलं तर पट्टीचा एक दिवा खरंच गायब होता.

रघुकाका बाकावर बसले होते. समोर दुसरं एक हेड होतं, पण ते त्याला हात लावत नव्हते.

"चिठ्ठी का दिली?" मी विचारलं.

"मंग काय करू? माझ्या हातून गेलंय ते. डोळ्यांत मोतीबिंदू हाय, दोन्ही. कोणाला सांगितला नाय. सांगितला तर बाकावरून उठवतील." त्यांनी फडक्याला हात पुसले. "त्या बाईचा उजवा हात गेला म्हनतात. मी रोज उठतो नि पहिला आपला उजवा हात बघतो. लिहा माजं नाव, नि मोकळ्या व्हा."

"नाव मी पुराव्याशिवाय लिहीत नाही. हे समोरचं हेड पास करून दाखवा."

"आता माज्यावर कोन भरोसा ठेवनार?"

"मी नाही ठेवत. म्हणून तर दाखवा म्हणते."

त्यांनी पेस्टची डबी ओढली आणि ते कामाला लागले. मग जवळजवळ दोन तास मी त्यांचे हात बघत बसले. बाकावर आठ भोकांची लाकडी पाटी होती. आठ व्हॉल्व्ह तिच्यात ओळीने उभे. प्रत्येकाला पेस्ट लावून ते त्याच्या सीटमध्ये घासत, घासून झाला की पुसत. मग सीटवर पेन्सिलच्या बारीक रेघा ओढायच्या, व्हॉल्व्ह ठेवून पाव वळसा द्यायचा आणि रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या का ते पाहायचं. पाहायचं म्हणजे काय, रघुकाका डोळे मिटून करंगळीचं टोक सीटवरून फिरवत होते. एके ठिकाणी थांबले. "हितं केसभर राहिलंय." मी भिंग लावून पाहिलं. केसभरच राहिलं होतं.

"व्हॉल्व्हवर नंबर का मारत नाही? पंचने एक, दोन, तीन?"

"आपल्या व्हॉल्व्हला नंबर लागत नाय." एवढं बोलताना मात्र त्यांची मान थोडी ताठ झाली. "ज्याची सीट त्यालाच. याचा त्याला चालत नाय, घासून घासून जोडी जमलेली असते. पाटीवर पंख्याकडून पहिला, मंग दुसरा. माजा बापूस ज्याच्याकडं मला शिकायला सोडून गेला त्याची हीच रीत."

स्प्रिंगा, टोप्या बसवून झाल्या. हेड कडेवर उभं केलं आणि नळ्यांमध्ये डिझेल ओतलं. पूर्वी रॉकेल ओतत, आता ते मिळतं कुठे. "आता चहा," काका म्हणाले. इथली रीतच अशी, की चहा सावकाश पिऊन होईपर्यंत व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसता कामा नये. आम्ही चहा प्यायलो. कडा कोरड्या ठणठणीत होत्या.

मग त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा उघडला. ब्रश एकदाच बुडवला आणि पंख्याच्या टोकापासून सुरुवात करून आठ टोप्यांवर आठ ठिपके दिले. पहिला जाडजूड, मग हळूहळू फिकट. शेवटच्या गिअरबॉक्सकडच्या टोपीपर्यंत ब्रश कोरडाच झाला होता.

"नेहमी असंच?"

"डिझेलची टेस्ट झाल्यावरच रंग. नि पंख्याकडूनच. अडतीस वर्सं."

मी हातातला कप खाली ठेवला. ट्रस्टच्या टेबलावरच्या हेडवर जाड ठिपका गिअरबॉक्सकडे होता. सगळी ओळच उलटी होती.

३

आता यात समजायला अवघड काही नाही. ठिपके टेस्टनंतर दिलेले, पंख्याकडून दिलेले. ते उलटे दिसतात याचा अर्थ रघुकाकांनी हेड पास केल्यावर कोणीतरी आठही व्हॉल्व्ह टोप्यांसकट बाहेर काढले आणि परत बसवताना टोकं बदलली. पहिल्याच्या जागी आठवा, दुसऱ्याच्या जागी सातवा. या हेडची मांडणीच अशी आहे, की पुढून मोजा नाहीतर मागून, लहानाच्या जागी लहान आणि मोठ्याच्या जागी मोठाच व्हॉल्व्ह येतो. त्यामुळे चूक हाताला अडत नाही. अडते ती अकरा दिवसांनी, चढावर.

हे मी रघुकाकांना लगेच सांगितलं नाही. अर्धवट आशा देणं मला जमत नाही. प्रश्न एवढाच होता, की पास केलेलं हेड कोणी आणि कशासाठी उघडलं.

पहिला संशय व्हॉल्व्हवर. कोणी अस्सल काढून नकली घातले का? मी रिक्षाने उल्हासनगर गाठलं, कॅम्प तीन. व्हॉल्व्ह जितेश रोचलानीच्या दुकानातून आले होते.

"साईं, सगळे माझ्याच गळ्यात माळ घालतात," जितेश म्हणाला. "उल्हासनगरचा माल म्हटला की डुप्लिकेट! अरे, बाजूच्या दुकानात जाऊन विचारा, जितेश असली विकतो म्हणून लोक हसतात मला." त्याने फोडलेला खोका काढून दिला. खोक्यावरचा बॅच नंबर मी माझ्या वहीशी जुळवला. हेडमधल्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तोच नंबर कोरलेला होता, आठही जागी. माल बदललेला नव्हता. "सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना तुमच्यात," निघताना तो म्हणाला. "मैं तो रोज जलता हूँ मॅडम." मला त्याची थोडी दया आली.

मग परत बदलापूर, बेलवली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर कैलास तिथे राहतो. गाडीचं बरंचसं काम तोच करतो, हेडही त्यानेच चढवलं होतं. त्याने मला बसा म्हटलं नाही.

"मी उघडलं नाही. जसं आणलं तसं चढवलं. चार दिवस झोप नाहीये मला, मॅडम. ती बाई मागे पडलेली, आणि मी नुसता ॲक्सिलेटर दाबतोय, दाबतोय..." त्याने पाय जमिनीवर दाबून दाखवला. "तो म्हातारा चुका करायला लागलाय हे माहीत असतं तर गाडी तिकडे दिलीच नसती."

"तू उघडलं नाहीस याला पुरावा काय?"

त्याने रागाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने मोबाइल काढला. "ग्रुपवर टाकला होता फोटो. सोमवारी सकाळी, वर्कशॉपच्या दारातच. हेड मिळालं म्हणून."

हेड टेम्पोच्या हौद्यात ठेवलेलं, मागे विनीतच्या वर्कशॉपचं शटर. मी बोटांनी फोटो मोठा केला. पाण्याची नळी जोडतात ती पंख्याची बाजू. तिथला ठिपका फिकट होता. जाड ठिपका दुसऱ्या टोकाला.

म्हणजे कैलास सुटला, जितेश सुटला. हेड वर्कशॉपमधून निघतानाच उलटं झालेलं होतं. वर्कशॉपच्या नोंदीप्रमाणे ते शनिवारी संध्याकाळी पास झालं आणि सोमवारी सकाळी गेलं. मधे फक्त एक रविवार, आणि रविवारी वर्कशॉप बंद असतं.

मी विनीतला फोन लावला. "चाव्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, पण मी त्या रविवारी सासरी नाशकात होतो, साखरपुड्याला. दुसरी काकांची."

"काकांकडेच असते?"

"नाही हो, त्यांचा खांदा दुखतो. शटर आता किर्तीच उघडते."

४

किर्ती गायकर सव्वीस वर्षांची. आयटीआय झालेली, सीट कापायच्या मशीनवर काम करते. सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा, विनीतच्या सांगण्यानुसार, रघुकाका दोन महिने तिच्याशी बोलले नव्हते. आता तिच्या डब्यातली चटणी त्यांना लागतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसले. रघुकाका अजून आले नव्हते.

"तू त्या हेडवर काम केलंस?"

"नाही मॅडम. सीट चांगल्या होत्या, कटिंगला आलंच नाही ते. काकांनीच हाताने केलं सगळं. मी हातपण लावला नाही त्याला."

तिचं उत्तर जरा पटकन आलं. तिच्या टेबलावर एक चपटी डबी होती. मी झाकण उघडलं. आत निळा लेप. व्हॉल्व्ह सीटला सगळीकडून टेकतो का ते बघायला हा लेप व्हॉल्व्हच्या कडेला लावतात. सीटमध्ये ठेवून काढला की सीटवर निळी कडी उमटते. कुठे तुटली असेल तर तिथे फट.

"हे काका वापरतात?"

"छे! ते म्हणतात, निळं म्हणजे ज्याच्या बोटाला कळत नाही त्याचं काम. मी वापरते, आयटीआयला तेच शिकवलंय."

"फार चिवट असतं गं हे," मी म्हटलं आणि माझं नख तिच्यापुढे धरलं. "बघ. काल सकाळी त्या हेडच्या स्प्रिंगखालून निघालं. साबण झाला, लिंबू झालं, जात नाही."

तिने नखाकडे पाहिलं. मग मशीनचं बटण बंद केलं. एवढा आवाज बंद झाल्यावर मला बाहेर मोरिवलीतल्या कोंबड्यांचा आवाज यायला लागला.

"मला त्यांचे डोळे माहीत होते," ती म्हणाली. "चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवतात कधी कधी. आणि हे ॲम्ब्युलन्सचं हेड. मला राहवेना. रविवारी येऊन उघडलं. एकदा निळं लावून बघते, कुठे फट असली तर गुपचूप घासून ठेवते, म्हणजे कोणी काकांना काही बोलायला नको. कसम से मॅडम, एवढंच होतं मनात."

"विचारलं का नाहीस त्यांना?"

"काय विचारणार? तुम्ही पास केलेलं हेड मी तपासू का, असं? इथे पास झालेलं हेड शिकणाऱ्याने उघडायचं नसतं. थोबाडीत मारल्यासारखंच आहे ते."

"मग काय दिसलं?"

तिने डबीचं झाकण लावलं, बोटांना निळं लागलं. "परफेक्ट होतं. मग मी पुसलं, धुतलं, परत बसवलं."

"तेव्हा पाटी कुठे होती, हेड कुठे होतं?"

"पाटी इथे. हेड... उजेड खिडकीतून येतो ना, म्हणून मी ते फिरवून..." तिचा हात हवेतच थांबला. तिने पाटीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. पाटीच्या आठ भोकांवर ना एक नंबर ना खूण. हेड फिरवलं होतं, पाटी फिरवायची राहिली होती. तिचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं, की हे तिला या क्षणापर्यंत खरोखरच माहीत नव्हतं.

"म्हणजे ते मी..." ती म्हणाली. "मला वाटत होतं काकांचीच फट होती आणि माझ्याच नजरेतून सुटली. म्हणून गप्प बसले. बोलले असते तर त्यांचे डोळे सगळ्यांना कळले असते. मॅडम, त्या बाईचा हात..."

तेवढ्यात शटरपाशी चपलांचा आवाज आला. रघुकाका आले होते, आणि किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे.

५

त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बाकावर जाऊन बसले. किर्ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि रडायला लागली. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. रहस्य सुटलं की बरं वाटतं असं लोक समजतात. मला कधीच वाटलेलं नाही.

"तू माजं हेड उघडलंस," रघुकाका म्हणाले.

"हो काका."

"मला न विचारता."

"हो."

आता ते तिला काय बोलतील या धास्तीने मी पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"उघडलंस तवा सीट कशी होती?"

किर्तीने डोळे पुसले. पुसताना निळं गालाला लागलं. "आठही अख्ख्या होत्या. निळी कडी गोल. केसाएवढीही कुठे तुटली नव्हती. मी एवढं बारीक काम मशीनवरसुद्धा पाहिलेलं नाही, काका."

रघुकाकांनी डोळे मिटले. पाच दिवस या माणसाने आपण एका बाईचा हात घेतला असं धरून काढले होते. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मग एकदम त्यांनी मान वर केली, आणि आता समोर उस्ताद होता.

"मंग बंद केल्यावर डिझेल का नाय ओतलंस? एक चहा पिण्याचं तर काम. वल दिसली असती ना!"

"तुम्ही पास केलं होतं ना, काका," किर्ती म्हणाली. "मग परत कशाला ओतायचं?"

उघडण्याइतका अविश्वास होता आणि न तपासण्याइतका विश्वास. दोन्ही एकाच मुलीच्या मनात, एकाच रविवारी. मी अहवालात हे कसं लिहिणार होते?

लिहिलं ते साधंच. व्हॉल्व्हची बैठक आणि तपासणी निर्दोष. तपासणीनंतर हेड उघडून बसवताना व्हॉल्व्हची टोकं बदलली. पुन्हा तपासणी झाली नाही. नाव, किर्ती गायकर. ती म्हणाली, लिहा. वैद्य ते पोलिसांत देणार, पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी तिला खोटं सांगितलं नाही.

"माजंबी लिहा," रघुकाका म्हणाले. "व्हॉल्व्हवर नंबर मारला असता तर पोरगी चुकली नसती. मी मस्तीत मारला नाय. तेबी लिहा."

मी तेही लिहिलं.

त्यांनी ड्रॉवर उघडला. आत आकड्यांच्या पंचची पेटी होती, विनीतच्या वडिलांनी कधीतरी आणून दिलेली. तिच्यावरचा तेलकट कागदही अजून फाडलेला नव्हता. त्यांनी ती किर्तीच्या हातात दिली. कालच्या हेडचे व्हॉल्व्ह दाखवले. "हे सगळे काढ. नंबर मारून परत बसव. पंख्याकडून एक. मंग डिझेल ओत. मंग आपण चामटोलीला जाऊ."

"तुम्ही कशाला, काका? मी एकटी जाते. माझी चूक आहे."

"एकटी जाऊ नकोस. त्या बाईचा पोरगा दारात उभा असंल."

तिने आठ व्हॉल्व्ह काढले, नंबर मारले, एकेक करून बसवले. प्रत्येक ठोक्याला रघुकाका मान हलवत होते. डिझेल ओतलं. चहा आला, पण आज कोणी कप उचलला नाही. कपांवर साय धरेपर्यंत आम्ही तिघं त्या कडांकडे बघत बसलो. त्या कोरड्याच राहिल्या.

किर्तीने हात धुतले. निळं गेलं नाही. रघुकाकांनी सदऱ्याची बटणं लावली, चपला पायात सरकवल्या आणि शटरपर्यंत गेले. तिथे थांबले. मागे वळले नाहीत.

"एकदा परत सांग," ते म्हणाले. "आठही?"

"आठही, काका."